काळं पडलेलं कार्ड

चि. धाकट्या,
ताईचे तुम्हा दोघांना भरभरून आशीर्वाद. मी मजेत आहे. खोली कोरडी आहे, जेवण वेळेवर होतं.

आमच्या जीपच्या ड्रायव्हरच्या हाती या पत्रासोबत मक्यासाठी सहा कार्डं पाठवली आहेत. त्यांवर चिकटवलेल्या पतंगाच्या अंड्यांत आमच्या प्रयोगशाळेतल्या टिंबाएवढ्या माश्या वाढताहेत. बाहेर आल्या की त्या खोडकिड्याची अंडी शोधून त्यांतच आपली अंडी घालतात, मग अळी जन्मतच नाही.

कार्ड काळं दिसलं तर सडलं समजून फेकू नकोस. आत माशी वाढली की अंडं काळं पडतं, म्हणून काळं तेच चांगलं. इथे कामाला लागल्यावर पहिल्या आठवड्यात मीच काळ्या अंड्यांचा एक ट्रे कचऱ्यात ओतला होता. प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "मावशी, वीस हजार लेकरं टाकलीत हो!" मग मी इथली पुस्तकं एकेक करून वाचून काढली. आता नव्या मुलींना मीच शिकवते.

कार्डं संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला टाच. त्यानंतर फवारणी नको, नाहीतर आधी याच मरतील. खोडात शिरलेली अळी वाचेल, पण पुढची पिढी थांबेल. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

फवारणीपासून वहिनीला लागलेला खोकला कसा आहे? खरं सांग. तुझे भावजी शेवटपर्यंत असेच खोकायचे आणि मी नुसतं कोमट पाणी देत राहिले.

त्यांचा फवारणीचा पंप तू मागून नेलास, तेव्हा मी गप्प बसले. आता बसणार नाही. पंप खुंटीवरच राहू दे.

हे पत्र वहिनीला मोठ्यानं वाचून दाखव.

तुझी,
अजून कान पिळू शकणारी ताई