पूल कोठे शे?

३ जून, धुळे
संताप, संताप. साक्रीपलीकडे टेंभरीपाड्याला लग्नाला गेलो, तर गाडी नाल्याकाठीच थांबली. पुढे पूलच नाही! आमदाराने गोटे तुडवत मांडवात जायचं? तिथे बिजलीबाई नावाच्या म्हातारीने सगळ्यांदेखत गाठलं. "भाऊ, पूल कोठे शे? सूनले आठवा महिना शे. नालाले पूर उना तं दवाखानामा कशी लई जाऊ?" वर म्हणते, "फीत तं तुम्हीच कापेल शे." काहीतरीच! फीत कापणारा तो तोताराम असेल, माझ्या तिकिटावर टपलाय मेला. मी शब्द दिला, अक्का, विधानसभा हलवून सोडतो.

४ जून
सकाळीच डोकं फिरलं. सुनिता माझ्या लोकार्पणाच्या कात्रीने दुधाची पिशवी कापत होती! कपाटातल्या त्या चिठ्ठ्या बांधलेल्या कात्र्या म्हणजे माझी कारकीर्द आहे. आचारसंहितेच्या आदल्या दिवशी साक्रीत एकाच मांडवात बसून चोवीस लोकार्पणं केली. असा झपाटा जिल्ह्यात दुसऱ्या कोणाचा? बायको म्हणाली, "धार चांगली आहे." हिला विकास कळतच नाही.

९ जून
तारांकित प्रश्न दिला. कारकिर्दीतला पहिला. पीए अमृत म्हणाला, भाऊ, आधी जुनी फाइल बघू का? भडकलो. फायली कारकुनांनी बघाव्या, आमदाराने गरजावं. नवीन जाकीट शिवायला टाकलं.

७ जुलै, मुंबई, आमदार निवास
उद्या प्रश्न. आरशासमोर तालीम केली. "मंत्रिमहोदय, पूल गिळला कोणी?" मग मूठ. जाकीट काखेत आवळतंय, शिंप्याला बघून घेतो. जळगाव-धुळ्याच्या सगळ्या पत्रकारांना कळवलं. टेंभरीपाड्याला निरोप धाडला, टीव्ही लावून बसा.

८ जुलै
छापील उत्तर जसंच्या तसं:
(१) टेंभरीपाडा येथे पूल नाही, हे खरे आहे काय?
— हे खरे नाही. पुलाचे लोकार्पण सन्माननीय सदस्यांच्याच शुभहस्ते झालेले आहे.
(२) असल्यास, दोषींवर कोणती कारवाई केली?
— प्रश्न उद्भवत नाही.
सभागृह हसलं. विरोधक हसले ते ठीक, आपलेही बाकं वाजवत होते! मी उपप्रश्नाला मूठ उगारली, तर जाकीट काखेत टर्रकन उसवलं. सगळी चूक अमृतची. माणसाने जुनी फाइल बघायला नको का?

१० जुलै
ठराव: मंत्र्याला सोडणार नाही. उद्याच पत्र लिहितो.

११ जुलै
पत्र लिहिलं नाही. पत्रात पुलाचं लोकार्पण कोणी केलं, हे लिहावं लागतं.

१८ जुलै, धुळे
बिजलीबाईंचा फोन. मला घ्यायचा नव्हता, अमृतने मुद्दाम स्पीकरवर टाकला. परवा नाल्याला पूर होता, सुनेला अलीकडे आणताच आलं नाही. घरीच नात झाली. दोघी बऱ्या आहेत. नाळ कापायला धड कात्री नव्हती, विळ्याने कापली. म्हातारी ओरडली असती तर मीही ओरडलो असतो. पण तिने बारशाला बोलावलं. "या भाऊ. पूलवरथीन या."
कपाट उघडलं. कात्री सापडली. चिठ्ठीवर 'टेंभरीपाडा पूल'. अक्षर माझंच.

१९ जुलै, सकाळ
त्याच कात्रीने दुधाची पिशवी मीच कापली. धार खरंच चांगली आहे.