शाळेखालची भिंत

बाबा, आज तिसऱ्या वर्षाच्या वर्गात तुमची भिंत पुन्हा पडली. दर वर्षी पडते. मी रत्नागिरीत सिव्हिल इंजिनीअरिंग शिकवते, हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी डिप्लोमाला होते. मुलांना सूत्रं पाठ असतात, पण बांधकाम कशामुळे कोसळतं ते त्यांवरून कळत नाही. म्हणून मी खरी घडलेली प्रकरणं देते. केस स्टडी म्हणतात त्याला. शेवट सांगायचा नाही, निर्णय त्यांना घ्यायला लावायचा.

तुमची केस मी अशी मांडते. राजापूरकडचं एक गाव. उतारावर शाळा, तिच्या मैदानाची माती धरून ठेवणारी जांभ्याची भिंत, भिंतीखाली एका घराचं अंगण. मातीतलं पाणी निघून जावं म्हणून भिंतीत भोकं ठेवलेली. गणपती तोंडावर आले, मुंबईची माणसं यायची होती, आणि भोकांतलं लाल पाणी अंगणातून थेट पायरीपर्यंत येत होतं. त्या घरच्यांनी गळ घातली. कामावरच्या इंजिनीअरने विसर्जनापर्यंत भोकं बुजवायला संमती दिली. इथे मी थांबते आणि विचारते, तुम्ही असता तर काय केलं असतं?

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पाऊस उघडला नाही, पाणी मागे साठत गेलं आणि भिंत अंगणात आली. सगळे आत आरतीला उभे होते म्हणून वाचले. तुमची बदली दापोलीकडे झाली. शनिवारी एसटीने घरी यायचात. भिंतीचा विषय निघाला की आई न विचारता तुमच्या ताटात भात वाढायची, आणि विषय संपायचा. एकदाच तुम्ही आपणहून विषय काढलात. मी स्वयंपाकघरात अभ्यास करतेय आणि तुम्ही माझ्या पुस्तकातली भिंतीची आकृती बघताय.

"ही भोकं कोण बुजवतं, ते लिहिलंय का गो ह्यात?"

"नाही."

"मग अर्धंच आहे पुस्तक."

तुम्ही हसलात, म्हणून मला ती थट्टा वाटली. तुम्हाला काही सांगायचं होतं, हे फार उशिरा लक्षात आलं.

आज एक मुलगा म्हणाला, "इंजिनीअर निष्काळजी होता, मॅडम. विषय संपला."

लांज्याची एक मुलगी त्याच्याकडे वळली. "गणपतीत तुझ्या दारात चिखल आला असता, तर तूच पहिला बोंबलला असतास."

"हिचा मामा असणार तो इंजिनीअर."

वर्ग हसला. ती हसली नाही. तिने मला विचारलं, "पाणी वळवायला वरच्या अंगाला चर का नाही मारला त्यांनी? सुचलं नाही, की कुणी मारू दिला नाही?"

"नोंद नाही."

"मग त्यांनाच नाही का विचारलं कुणी?"

"ते हयात नाहीत," मी म्हणाले.

दोन्ही उत्तरं खरी होती. तिला हवं होतं ते उत्तर मात्र कितीतरी शनिवार माझ्यासमोर बसून जेवत होतं. मुलाचा निष्कर्ष पुराव्याला धरून होता; मी त्याला पूर्ण गुण दिले.

सहकारी सांगतात, ही केस जुनी झाली, बदला. मी म्हणते, शिकवायला सोपी आहे. ते कारण खरं नाही. घरी तुमचं नाव निघालं की आई अजूनही उठून जाते. वर्षातून त्या एका तासाला अख्खा वर्ग तुमच्यावरून भांडतो, आणि मी त्यांना लवकर थांबवत नाही.