पहिली ओळ, तिसरी ओळ

सोमवार
आज मळक्या चादरी. हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात लागल्यापासून रोज मळक्या चादरीच. रक्ताच्या वेगळ्या, औषधाच्या वेगळ्या, बाकीचं लिहिणार नाही. हात धुवायला गेलो तर साबणाला कुणाचा तरी केस. शी!
इस्त्रीवर ढेकर असतो. खरं नाव दुसरं आहे, पण जेवल्यावर तो जे करतो, त्याला हेच शोभतं.
साहेबांनी बोलावलं. पंडित, तुमचं शुद्धलेखन चांगलं, ड्युटीचा चार्ट कॉम्प्युटरवर घ्या. जमलं तर महिनाअखेर कायम करू, म्हणाले. बोलताना दातात काडी. बघवेना.

मंगळवार
चार्ट म्हणजे मॅट्रिक्स, हे फक्त मी ओळखलं. आडव्या ओळी म्हणजे कामं, उभे रकाने म्हणजे वार, चौकोनांत नावं. पहिली ओळ मळका माल: सगळीकडे मी. दुसरी मशीन: मावशी. तिसरी इस्त्री: ढेकर. प्रोग्रॅमला नुसता नंबर सांगायचा, अख्ख्या ओळीतली नावं उचलून हवी तिथे ठेवतो. दहावीत गणितानं माझा हात सोडला होता. आता बघूच.
संकल्प: पुढच्या सोमवारपासून इस्त्रीवर मी. चादरी ढेकरच्या गळ्यात.

गुरुवार
शिकवणीचा व्हिडिओ लावला. शिकवणारा वाक्यागणिक चहाचे भुरके मारतो. ओळींची अदलाबदल करताना आधी एक ओळ बाजूला रिकाम्या जागी ठेवा, असं काहीसं म्हणत होता, तेवढ्यात असा भुरका मारला की मी व्हिडिओ पुढे ढकलला. तत्त्व कळलं. पहिलीच्या जागी तिसरी, मग तिसरीच्या जागी पहिली. यात बाजूला काय ठेवायचं?

शनिवार
केलं. प्रिंटरच्या ट्रेमध्ये कुणीतरी नखं कापून टाकलेली. दोन बोटांनी कागद ओढला, शीर्षकाचं शुद्धलेखन तपासलं, भिंतीवर लावला. एकही चूक नाही.

सोमवार
ढेकर सकाळीच ओरडला: अरे पंडित, चादरींवरही मी, इस्त्रीवरही मीच, तू काय हवा खायला गेलास?
पाहिलं. पहिल्या ओळीत ढेकर. तिसऱ्या ओळीतही ढेकर. तिसरीच्या जागी पहिली ठेवली खरी, पण पहिलीत तोवर तिसरीच येऊन बसली होती. मी कुठेच नाही.
मग लक्षात आलं: साहेबही चार्टवर नाहीत. चार्टवर नाही तो चार्टच्या वरचा. खुर्ची पुसून घेतली आणि बसलो.
मावशी म्हणाल्या, बाळा, दुरुस्त कर रे वेळेत. पण छापलेल्यावर खाडाखोड मला सहन होत नाही, कागद तसाच राहू दिला.

गुरुवार
ढेकर सकाळी चादरी निवडतो, दुपारी इस्त्री करतो. वर शिट्टी. माझ्या हाताखाली माणूस सुधारला! ढेकरही कमी झाले, वेळच मिळत नाही.
मी ताईकडेच राहतो; घरी गेल्यावर तिला बढतीचं सांगितलं. भावजींनी विचारलं, पत्र मिळालं का? जेवताना मचमच आवाज करणाऱ्याला मी उत्तर देत नाही.

शनिवार
साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. धुतलेला नव्हता. म्हणाले, शाबास पंडित! तिघांचं काम दोघांत बसतं, हे इतकी वर्षं माझ्या टाळक्यात शिरलं नाही. तुमच्या चार्टनं दाखवलं. सोमवारपासून येऊ नका.

रविवार
ताईनं घरकामाचा चार्ट पेन्सिलनं काढून फ्रिजवर लावलाय. भांडी, केर, संडास. तिन्ही ओळींत मी. कुठलीही ओळ कुठेही ठेवा, मीच.
'संडास'वरचा अनुस्वार राहिला होता. तो दिला, आणि ब्रश घेतला.