तांबडीने उकरलेलं परसदार

रविवार, दिवेलागण

निळ्या टाइलचा तुकडा अजून टेबलावर आहे. सुहास दोनदा म्हणाला, "फेकून दे गं तो." नाही फेकणार.

कोलशेतचं आमचं बैठं घर पाडून तिथे टॉवर होणार, आणि टॉवरमध्ये कोंबड्या पाळता येत नाहीत. म्हणून आज खडवलीला घर बघायला गेलेलो. तांबडीला मी टोपलीत घालून सोबत नेलेलं. नवरा, म्हणजे सुहास, वैतागला, एजंट हसला. हसू दे. राहायचं तिलाही आहे ना?

घर छानच होतं. ऐसपैस ओटा, मागे लाल मातीचं परसदार. सुहासने तर मनात सामानही लावून टाकलेलं. मी तांबडीला मागे सोडलं. नव्या जागी कोंबडी आधी उकरूनच बघते. दोन बोटं मातीखालून हा तुकडा निघाला. मग विटा, सिमेंटची ढेकळं, प्लास्टिक.

एजंट म्हणाला, "मॅडम, थोडा भराव आहे. सगळीकडे असतो."

खड्डा बुजवून वर लाल माती पसरलेली. म्हणजे जागा मुळात खोलगट, पावसात पाणी साचत असणार. त्याने आधी का नाही सांगितलं? आणि मी तरी का नाही विचारलं?

येताना सुहास गाडीत म्हणाला, "एका कोंबडीसाठी एवढं चांगलं घर सोडायचं?"

आता ही टाइल समोर आहे, आणि उत्तरही. सोडायचं. आपण दोघं नळ, फरशी, खिडक्या बघत फिरलो. जमीन बघितली ती तिने एकटीने.