पाटलीण आणि पंधरापैकी पंधरा

६ जानेवारी, बोरी. सकाळी ६.१०
मॉडेल तयार. गवताची उंची, पाण्याचे अंतर, सॅटेलाइटवरची हिरवाई असे सात घटक भरले की मेंढ्यांचा कळप उद्या गायरानाच्या कोणत्या तुकड्यात चरेल ते कळते. तुकडे सहा, ग-१ ते ग-६. माझे गाइड मार्तंड सर २२ तारखेला तपासायला येणार. मॉडेल पटले तर फेलोशिप सहा महिने वाढेल. नाही पटले तर तीन वर्षांचे काम बोरीतच सोडून परत. पटेल.
संकल्प : कळपावर माझा परिणाम शून्य. जनावरांना नावे नाहीत. लाड नाहीत.

७ जानेवारी
कळप बायनाबाई आणि मुंजाजी या नवरा-बायकोचा. मेंढ्या १४२, शेळ्या ५. पुढे एक काळी शेळी चालते, बाकी सगळे तिच्या मागे. तिचे नाव श-१ ठेवले. बायनाबाई तिला पाटलीण म्हणतात. का, तर सगळ्यांच्या आधी खाते आणि कुणाचे ऐकत नाही.
प्रेडिक्शन ग-३. जनावरे बिचकू नयेत म्हणून आधीच जाऊन बसले. कळप ग-४कडे निघाला होता. मी नाश्त्याचा पुडा (खारे शेंगदाणे) फोडला. ७.५०ला कळप अचानक वळला आणि ग-३ला आला. मॉडेल बरोबर.
श-१ने पुड्यात तोंड घातले. अंदाजे वीस दाणे गेले. नोंदवण्यासारखे नाही.

१२ जानेवारी
सहापैकी सहा. आनंद झालेला नाही, अपेक्षित होते. खोलीत थोडी नाचले, व्यायाम म्हणून.
बायनाबाई रोज संध्याकाळी विचारतात, उद्या कुठं बसणार. गावकऱ्यांनाही विज्ञानाची ओढ असते, हे प्रबंधाच्या प्रस्तावनेत घालायचे.
शेंगदाणे आता पाव किलो नेते. उन्हात भूक लागते.

१६ जानेवारी
सकाळी लक्षात आले की काल गवताच्या उंचीचा कॉलम उलटा भरला होता. म्हणून प्रेडिक्शन ग-६ आले होते. तिथे दगड आणि तरवडाची झुडपे, चरण्यासारखे काही नाही. तोपर्यंत मी ग-६ला जाऊन बसले होते.
कळप ग-६ला आला. १४७ जनावरे दगडांत उभी राहून माझ्याकडे बघत होती.
म्हणजे चुकीच्या डेटावरही मॉडेल बरोबर येते. इतके मजबूत मॉडेल मी वाचनात पाहिलेले नाही. दहापैकी दहा.

१९ जानेवारी
बायनाबाईंना आठवडी बाजार होता. मुंजाजी लिंबाखाली झोपले. बायनाबाईंनी काठी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, जरा बघ. पाच तास बघितले. याला सहभागी निरीक्षण म्हणतात.
पाटलिणीने (श-१ने) माझी टोपी खाल्ली. रागावले नाही. हा लाड नव्हे, तटस्थता.

२१ जानेवारी
पंधरापैकी पंधरा. अचूकता शंभर टक्के. सरांसमोर फार हसायचे नाही.

२२ जानेवारी
सर आले. प्रेडिक्शन ग-२. कळपाला त्रास नको म्हणून आम्ही ६०० मीटर लांब, रस्त्यावर जीपजवळ उभे राहिलो. दुर्बीण सरांकडे.
कळप ग-२मधून मान न वाकवता पार झाला आणि सरळ रस्त्याकडे आला. सरांनी दुर्बीण खाली केली. गरज उरली नव्हती. पाटलिणीने पुढचे दोन्ही पाय जीपच्या दारावर ठेवले आणि माझी पिशवी हुंगली.
सरांनी बायनाबाईंना विचारले, कुठे चारायचे हे तुम्ही कसे ठरवता.
"आमी कुठं ठरवतो सायेब. ही बाई जिथं बसंल तिथं पाटलीण जाती, तिच्या मागं समदी. पंधरा दिस झाले, आमाला लय आराम हाय."
मुंजाजींनी भर घातली की फक्त त्या दगडाच्या दिवशी मेंढरं उपाशी राहिली, पण बाई शिकलेली, काहीतरी इचार असंल.
सर बराच वेळ सरांसारखे राहिले. मग पाठ फिरवून हसले. म्हणाले, उद्या तू जाऊ नकोस. तुझ्याशिवाय कळप प्रेडिक्शनच्या जागी गेला तर मुदतवाढीवर सही करतो.
जाईल. पाटलिणीला गवत कळते. माझा आणि तिचा संबंध केवळ कामापुरता.

२३ जानेवारी. सकाळी ७.००
खोलीत बसून आहे. प्रेडिक्शन ग-१. सर गायरानावर. खात्री आहे.

७.५०
नक्कीच निघाले असतील.

८.२०
बायनाबाईंचा फोन. "आजारी हाईस का गं माय? पाटलीण रस्त्याकडं तोंड करून उभी हाय. एक मेंढरू मुक्कामाच्या जाळीच्या भायेर यीना. सायबांनी बिस्कुट दाखवलं, त्येबी बघंना."
मी विचारले, ग-१कडे एकदाही पाहिले का.
"कुठलं ग-१? तू ये."

८.३०
ऑब्झर्व्हरचा परिणाम : १४७पैकी १४७.
खारे शेंगदाणे, अर्धा किलो. निघाले.