तिसऱ्या मिलची यादी

नाना, परवा मी परीक्षा पास झालो. या वयात कसली परीक्षा, असं म्हणाल. प्रोजेक्ट मॅनेजरचं सर्टिफिकेट. सगळा जन्म हेच काम करतोय, पण आता मोठी गिऱ्हाइकं विचारतात, तुमच्या माणसाकडं सर्टिफिकेट आहे का. म्हणून कंपनीनं मला शिंगं मोडून वासरांत धाडलं. निकाल तिथंच कॉम्प्युटरवर दिसतो. केडगावला घरी आलो, कुलूप काढलं, आणि सांगायचं कुणाला? तुमची सून जाऊन दोन वर्षं झाली, पोरगी बंगळुरात मीटिंगमध्ये होती. चहा ठेवला तर सवयीनं दोघांचा ठेवला. लई एकटं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हणून तुम्हाला लिहायला बसलोय.

वर्ग रविवारचे असायचे, नगरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये. शिकवणारा माझ्या पोरीच्या वयाचा. पहिले दोन रविवार मी मागं बसून मनात हसत होतो. कामाचे तुकडे पाडा, कशाआधी काय ते ठरवा, काय बिघडेल ते आधीच लिहून काढा. म्हटलं, च्यायला, हे आमच्या नानांना कुणी शिकवलं होतं? तुम्ही सातवी शिकलेले, प्रवरेकाठच्या साखर कारखान्यात मिल फिटर. उन्हाळ्यात गाळप बंद झालं की ऊस पिळायच्या सगळ्या मिल खोलायच्या, घासायच्या, आणि दसऱ्याला बॉयलर पेटायच्या आत पुन्हा जोडायच्या. मी कॉलेजच्या सुट्टीत डबा घेऊन यायचो, ते अजून डोळ्यांपुढं आहे. दिवस कलतोय, तुम्ही मिलजवळ उकिडवे बसलाय, समोर तुमची माणसं, आणि प्रत्येकाला एकच विचारणं. "झालं त्ये सांगू नका. ऱ्हायलं काय त्ये सांगा." त्या दिवसाचं राहिलेलं तुम्ही खडूनं पत्र्यावर लिहायचात. ज्यानं काम केलं त्यानंच ती ओळ पुसायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. एकदा मी शहाणपणा करून एक ओळ पुसली, तर सगळ्यांदेखत मला झापलंत, त्ये काम तू केलं का म्हणून.

तिसऱ्या रविवारी माझं हसू बंद झालं. तो पोरगा म्हणाला, जे नुसतं डोक्यात आहे ते नाहीच असं धरा. काम दुसऱ्याच्या ताब्यात देताना लिहून द्या, आणि मिळालं म्हणून घेणाऱ्याची सही घ्या. नाना, तुमच्याकडं सगळं होतं, ही सही तेवढी नव्हती. ती तुम्ही मागितली असतीत तर मी त्याच दिवशी सापडलो असतो.

तुम्ही नगरच्या दवाखान्यात होतात, छातीचं ऑपरेशन झालेलं, आणि मिलची जोडणी अर्ध्यावर. मला वही काढायला लावलीत आणि राहिलेली कामं एकेक करून सांगितलीत. धाप लागायची, थांबायचात, पुन्हा सांगायचात. सातवं काम होतं, तिसऱ्या मिलच्या बेअरिंगची तेलाची नळी साफ करायची ऱ्हायली. हे पान आजच नव्या इंजिनिअरसाहेबाच्या हातात दे, म्हणालात. तो साहेब माझ्याच कॉलेजचा, माझ्या दोन वर्षं पुढं होता. त्याच्यापुढं बापानं सांगितलेली, 'ऱ्हायली' न् 'न्हाई' असल्या भाषेतली यादी घेऊन उभं राहायची मला लाज वाटली. एसटीनं कारखान्याच्या फाट्यापर्यंत गेलो, चहा प्यायलो आणि तसाच परत आलो.

"दिली का?" तुम्ही विचारलंत.

"दिली," मी म्हणालो.

"मंग झालं," म्हणून तुम्ही डोळे मिटलेत. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

सीझन सुरू झाला आणि तिसऱ्याच दिवशी ते बेअरिंग तापून जाम झालं. दोन दिवस गाळप बंद. उसाच्या गाड्या पार रस्त्यापर्यंत उभ्या, ऊस वाळतोय, तोडणीवाल्या बाया पोरं घेऊन गाड्यांच्या सावलीला बसलेल्या. आईला तुमच्या फंडाच्या सह्यांसाठी कारखान्यात घेऊन गेलो तर तोच साहेब ऑफिसात सांगत होता, मिस्त्री सगळं डोक्यात घेऊन गेला, जाताना एक शब्द सांगितला नाही. आईनं मान खाली घातली. मी तिच्या शेजारी उभा राहून सही कुठं करायची ते तिला बोटानं दाखवलं. कारखान्यातली जुनी माणसं तुमचं नाव निघालं की अजून तेच सांगतात. आई मरेपर्यंत म्हणायची, ह्यांनी असं कसं केलं असंल? तिलाही मी सांगितलं नाही.

त्या तिसऱ्या रविवारी शिकवणाऱ्यानं लिहून न दिल्यानं झालेल्या चुकीचं एखादं उदाहरण मागितलं. मी उठलो. वाटलं, आता बोलून टाकावं, इथं आपल्याला कोण ओळखतंय. आणि तोंडातून काय निघालं? एक फिटर होता, हाताचा हुशार पण शिकलेला नाही, यादी करून ठेवली नाही, तो मेला आणि मिल थांबली. त्या पोरानं ते फळ्यावर लिहिलं. जेवताना शेजारचा म्हणाला, सर, उदाहरण एकदम चपखल होतं. मी भात कालवत बसलो.

आज सर्टिफिकेट छापून आणलं आणि ठेवायला जुनी फाइल काढली. तळाला ते वहीचं पान आहे, घडीवर थोडं विरलंय, पण वाचता येतं. तो साहेब रिटायर होऊन सावेडीला राहतो. घर मला माहीत आहे, स्कूटरवर अर्धा तास लागत नाही. पान त्याच्यापुढं ठेवायचं आणि म्हणायचं, नानांनी सांगितलं होतं, मीच आणून दिलं नाही. एवढंच काम आहे. उद्या जातो, असं इथं लिहिलं होतं, ते खोडलं. तुम्हाला एकदा 'दिली' म्हणून सांगून झालंय, नाना. पुन्हा तसं नको.