दाराआडचा गाऊन

देरा, दुबई
शुक्रवार, २ मार्च २००१

श्री. लिओ यांस,
नमस्कार.

तू आणि ॲरॉन बरे असाल. मी बरी आहे. इथली थंडी संपली, खोलीतला एसी पुन्हा खडखडायला लागला. बुधवारी उपासकाळ सुरू झाला, चर्चमध्ये जाऊन कपाळाला राख लावून घेतली. उपास मात्र जमेल तसा. शेजारच्या खाटेवरची बेव्हर्ली ईस्टरला वसईला चालली आहे, तिच्याबरोबर तुझ्या आईसाठी खजूर आणि गुडघ्याला लावायचं तेल देते.

ऑफिसात नवा मॅनेजर आलाय. माझा कॅनडाचा पासपोर्ट पाहिल्यापासून मला खुर्ची ओढून देतो. आठवतं ना, मी टोरांटोहून इथं परतले तेव्हा टेबल तेच, टायपिंग तेच, नुसता पासपोर्ट बदलला म्हणून पगार जवळजवळ दुप्पट झाला होता! फोनवर आपण दोघं किती हसलो होतो. पुढचं सगळं त्या पगारापायीच झालं.

पार्सल पोचलं. त्याबद्दल नंतर लिहिते.

परवा उपेंद्रकडे गेले होते, आपल्या करामा भागातल्या टॅक्सवाल्याकडे. त्याच खुर्च्या, तोच गोड चहा. तू इथं आला होतास तेव्हा त्यानं आपल्याला समोर बसवून समजावलं होतं, "मॅडम, नवरा कॅनडात, मुलगा तिकडे, घर तिकडे. मग तुम्ही तिकडच्याच रहिवासी. इथल्या पगारावर तिथं टॅक्स लागणार. पण तुम्ही दोघं वेगळे झालात तर नाही. फक्त कागदावर हो! आणि संबंध तोडायचे म्हणजे एकदम खलास. बँक, लायसन्स, कपाटातले कपडेसुद्धा. पत्रं लांबच्या ओळखीत लिहितात तशी लिहायची. खाली 'तुझी बायको' वगैरे नको, उद्या कोणी तपासलं तर?"

तू मान डोलावलीस, मीही डोलावली. ॲरॉनचं कॉलेज डोळ्यांसमोर होतं. चर्चमध्ये लागलेलं लग्न एका सहीनं कसलं मोडतंय, असं मी मनाशी म्हटलं आणि सही केली. फादरना मात्र आजतागायत सांगितलेलं नाही.

मग तू माझा थंडीचा कोट शेजारणीला देऊन टाकलास. नाताळात तिकडे आले तेव्हा तोच कोट तिच्याकडून मागून घेतला आणि घालून फिरले. माझ्याच स्वयंपाकघरात साखर कुठे आहे हे मला विचारावं लागलं. ॲरॉननं पाहुण्यांचा टॉवेल आणून दिला आणि म्हणाला, "मम, हाऊ लाँग आर यू स्टेइंग?" त्या पोराच्या मनात काही नव्हतं. पण तू? तू खाली सोफ्यावर माझं अंथरूण घातलंस. म्हणालास, शेजारपाजाऱ्यांना कळलं तर. लिओ, शेजारी काय आपल्या बेडरूममध्ये डोकावणार होते?

निघताना माझा निळा गाऊन तुझ्या खोलीच्या दाराआड टांगून आले. विसरले नव्हते. रोज सकाळी दार लावताना तुला तो दिसेल, तू चिडशील, पण राहू देशील, असं वाटलं होतं.

तू तो धुऊन, इस्त्री करून पाठवलास. वर चिठ्ठी, 'राहिला होता. उपेंद्रच्या नियमात बसत नाही.' बेव्हर्लीनं घडी बघितली आणि म्हणाली, "किती काळजी घेतो गं नवरा तुझा!" मी हो म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. बाहेर बायकांची रांग होती, त्यामुळे तेही आटपतं घ्यावं लागलं.

म्हणून उपेंद्रकडे गेले. म्हटलं, हा खेळ बंद करा. मला तिथली रहिवासी दाखवा, आजचा, मागचा, होईल तो टॅक्स मी भरेन. त्यानं कपाळाला हात लावला. "मॅडम, एवढा पगार पाण्यात! लिओसाहेबांना विचारलंत का?" मी म्हटलं, विचारते.

तर विचारते आहे. तुला खरंच टॅक्सची भीती होती, की सुंठीवाचून खोकला गेला असं वाटायला लागलंय? फोनवर सांगू नकोस. फोनवर तू मला हवा कशी आहे ते विचारतोस.

गाऊन त्याच खोक्यातून परत पाठवते आहे. होता तिथंच टांग. ॲरॉनची परीक्षा झाली की मी नोकरी सोडून कायमची येते. आणि टांगायचा नसेल, तर पुन्हा इस्त्री करत बसू नकोस. कागदावर लिहिलं होतं ते आता खरं आहे, एवढं तुझ्या हातानं लिहून कळव. मला राग येईल, पण निदान कुठे राहायचं ते कळेल.

ॲरॉनला पापा.

कोणी तपासलं तर तपासू दे,

तुझी बायको,
अ‍ॅग्नेस